परसबाग : मे महिन्यातच पाऊस आला तर…

मैत्रिणींनो, मे महिना म्हटला की डोळ्यांपुढं काय येतं? गच्चीवर वाळत घातलेले पापड, कुरडया, सांडगे, वर्षभराच्या तिखटाच्या मिरच्या, आणि त्याच गच्चीच्या कोपऱ्यात संध्याकाळच्या पाण्याची वाट बघत माना टाकून बसलेल्या आपल्या कुंड्या. आपलं बागेचं सगळं वेळापत्रक यावरच बेतलेलं असतं. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी सावली. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागलं की माती उकरून खत मिसळून ठेवायची आणि ७-८ जूनला मृग लागला, दोन चांगल्या सरी पडल्या, की बी टोकायचं. सासूबाईंनी आपल्याला हेच शिकवलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी.

पण हे वेळापत्रक पाऊस पाळेलच असं आता धरून चालता येत नाही. २०२५ सालचा मे आठवतो ना? महिनाभर कुठं ना कुठं पाऊस चालूच होता. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबई-पुण्यात येऊन थडकला. एरवी तो १० जूनच्या पुढंमागं यायचा. मुंबईत कुलाब्याला त्या एका मे महिन्यात ४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि १९१८ सालापासूनचा विक्रम मोडला. कुणाचे पापड भिजले, कुणाचं लोणचं बिघडलं, आणि बागेच्या बाबतीत तर मे महिन्याची सवय लागलेला आपला हातच आपला वैरी ठरला!

साताऱ्याच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. चार वर्षं मन लावून गच्चीवर मिरची, टोमॅटो, भेंडी, घेवडा करत होत्या. त्या मेमध्ये निम्मी रोपं कुजली. उरलेल्या जागी त्यांनी पाऊस आला म्हणून लगेच बी पेरलं, तर ते उगवून कोवळं असतानाच करपलं. आता घरात सगळे म्हणतात, "पुरे झाली ही हौस, कुंड्या देऊन टाक कुणाला तरी." त्या लिहितात की दिवसभरातला तो अर्धा तासच काय तो त्यांचा स्वतःचा आहे. पत्र वाचून ठरवलं, की यावेळी फुलांचं कौतुक बाजूला ठेवून एवढ्या एकाच विषयावर लिहायचं. ताई, कुंड्या मुळीच देऊ नका. तुमच्या दोन्ही नुकसानींची कारणं अगदी वेगवेगळी आहेत, आणि दोन्हींवर उपाय आहेत.

आधी कुजण्याचं बघू. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत ही हवा असते. सतत पाऊस पडून त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, की मुळं गुदमरतात आणि मग त्यांना बुरशी धरते. गंमत अशी, की मुळं कुजली म्हणजे त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून झाड वरून अगदी तहानलेलं दिसतं. पानं मलूल होतात, खालची पिवळी पडतात. आपण म्हणतो, "अगंबाई, मे महिना आहे, ऊन लागलं वाटतं," आणि ओततो तांब्याभर पाणी. तिथंच झाडाचा निकाल लागतो.

म्हणून एक सवय लावून घ्या. पाणी घालण्याआधी मातीत बोट घाला, दोन पेरं आत जाईल इतकं. आत ओल लागली तर पाणी नको, मग वर पापुद्रा कितीही सुकलेला दिसो. माती कोरडी लागली तरच पाणी. पानं मलूल आणि माती ओली असेल, तर ते झाड पाण्याखाली बुडतंय असं समजा. त्याला पावसाआड पण उजेडात ठेवा, खुरपीच्या टोकानं वरची माती हलक्या हातानं मोकळी करा आणि चार-पाच दिवस खत-पाणी काही देऊ नका. कुंडीला आंबूस, घाण वास येत असेल तर मात्र झाड काढून बघावंच लागतं. काळी-तपकिरी, बोटात निसटणारी मुळं कात्रीनं छाटायची, पांढरी ठेवायची, शेंडाही थोडा कमी करायचा आणि नव्या कोरड्या मातीत लावायचं. निम्मी तरी मुळं पांढरी असली तर झाड सावरण्याची आशा धरायला हरकत नाही.

आता कुंडी. कुंडीच्या बुडाचं भोक उघडं आहे की नाही हे वर्षातून एकदा बघायचं काम एप्रिलअखेरीसच उरकून टाकावं. पुष्कळदा मुळांनी किंवा चिखलानं ते बुजलेलं असतं. जाड तारेनं किंवा जुन्या विणायच्या सुईनं खालून मोकळं करा. कुंडी फरशीवर सपाट टेकलेली असेल तर भोक असून नसल्यासारखंच. दोन विटांवर किंवा फरशीच्या तुकड्यांवर ती उचलून ठेवा. उन्हाळ्यात खाली ठेवलेल्या ताटल्या पहिला पाऊस पडला की काढून टाका.

मातीचंही थोडं सांगते. पुण्याकडे, सोलापूर-नगरकडे आपण शेतातली काळी माती मोठ्या कौतुकानं आणतो. शेतात ती सोनं, पण कुंडीत भिजली की चिकट गोळा आणि वाळली की दगड. ती वापरायचीच असेल तर दोन घमेली मातीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेलं जाडी वाळू किंवा भाताची तुसं मिसळा. कोकणातल्या भगिनींच्या लाल मातीतून पाणी लवकर निचरतं, त्यांनी वाळू कमी आणि खत थोडं जास्त घ्यावं. तयार झालेली ओलसर माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा. पुरणपोळी करणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवायला नको!

आता ताईंचं दुसरं दुःख, उगवून करपलेलं बी. पाऊस पडला म्हणजे पावसाळा लागला असं नव्हे. वळवाचा पाऊस बहुधा दुपार तापल्यावर येतो, वारा-वीज घेऊन येतो, तासाभरात धिंगाणा घालून निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन. मान्सूनचा पाऊस पश्चिमेकडून येतो, आभाळ दिवस-दिवस भरलेलं राहतं, हवेतला दाह जातो. आणि २०२५ साली तर खुद्द मान्सूननंच फसवलं. मेअखेर आला खरा, पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कित्येक ठिकाणी दडून बसला. शेतकऱ्यांनाही त्या वेळी पेरणीची घाई करू नका असंच सांगितलं गेलं होतं. आपल्या गच्चीवर तर सिमेंटची फरशी तापते, त्यामुळे चार दिवसांच्या कोवळ्या रोपाला दोन्ही बाजूंनी चटका.

तेव्हा मे महिन्यात बी पेरायचंच असेल तर आभाळाच्या भरवशावर नको. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं अशा जागी करा जिथं ऊन येईल पण पाऊस थेट पडणार नाही. खिडकीची जाळी, गॅलरीची आतली कड, किंवा बांबूवर टाकलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, काहीही चालेल. टोमॅटोचं रोप साधारण चार आठवड्यांत आणि मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत लावण्याजोगं होतं, म्हणजे मेच्या मध्याला टाकलेलं बी जूनअखेर बरोबर हाताशी येतं. बी दाट पेरू नका. दाट आणि ओल्या रोपांच्या देठाला जमिनीलगत बुरशी धरते आणि रोपं रातोरात आडवी होतात. पेरण्यापूर्वी बियांना चिमूटभर ट्रायकोडर्माची पूड चोळली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. शेतीसामानाच्या दुकानात ती पुडीत मिळते.

भेंडी, गवार, घेवडा, दोडका, कारली यांना मात्र रोपं करून हलवलेलं फारसं मानवत नाही, ती जागच्या जागीच टोकावीत. बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही. कारलं-दोडक्याचं टणक बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सगळं बी एकदम संपवू नका, ही माझी खास विनंती. एक तृतीयांश पहिल्या पावसावर, एक तृतीयांश दहा-बारा दिवसांनी आणि उरलेलं मृग सरता सरता टाका. पाऊस दगा देवो नाहीतर झोडपो, एक हप्ता तरी हाती लागतोच. जूनच्या पहिल्या आठवड्यातली भेंडी पन्नासेक दिवसांत आणि कारली साठेक दिवसांत सुरू होतात, म्हणजे श्रावणातल्या शाकाहाराला घरची भाजी! पालक आणि कोथिंबिरीचा हट्ट या दिवसांत सोडा, त्या पावसाच्या माऱ्यानं लोळतात. त्याऐवजी माठ, अंबाडी लावा.

फुलझाडांचं थोडक्यात. मोगऱ्याच्या कळ्या भिजल्या की तपकिरी होऊन गळतात, म्हणून आभाळ भरलं की टपोऱ्या कळ्या संध्याकाळीच खुडून ओल्या रुमालात ठेवाव्यात, रात्री घरात उमलतात. फुलून गेलेले शेंडे दोन पेरं छाटून कुंडी उन्हात ठेवा. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके दिसले तर ती पानं तोडून कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नको. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, थोड्या वाळवून बियांसाठी ठेवा, म्हणजे जुनी तुळस पावसानं गेली तरी वृंदावन रिकामं राहायचं नाही. कोरफड, निवडुंग, अडेनियम यांना सरळ छपराखाली घ्या. आणि जास्वंदीच्या फांद्या लावायला मात्र याहून चांगले दिवस नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाडीचा वीतभर तुकडा, तीन-चार डोळ्यांचा, खालचे दोन डोळे मातीत, बस्स.

खताच्या बाबतीत मी थोडी कंजूष आहे. जोराच्या पावसात कुंडीतलं खत भोकातून वाहून जातं, म्हणून एकदम ओंजळभर देण्यापेक्षा पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्यावं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचा डबा गच्चीवर असेल तर त्यावर झाकण हवंच. पाणी शिरलं की त्यात अळ्या होतात, वास सुटतो आणि शेजारणी नाकाला पदर लावतात. तसं झालंच तर वाळका पालापाचोळा किंवा वर्तमानपत्राचे तुकडे मिसळून दोन दिवस रोज ढवळा.

पहिल्या सरीबरोबर पाहुणेही येतात. शंखी गोगलगाई रात्रीत रोपांचा फडशा पाडतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांजवळ पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हे पाणी कुंडीत ओतायचं नाही, आणि मीठही मातीवर भुरभुरायचं नाही, झाडंच मरतील. गोगलगाई मारायच्या विषारी गोळ्या मिळतात, पण घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर त्या आणूच नका. जिथं गोगलगाई फिरतात तिथली पालेभाजी निवडून नीट धुवावी आणि शिजवूनच खावी. माव्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबणाचा फेस फवारावा, पण पुढं चार-पाच तास उघडीप असेल तेव्हाच.

त्याहून मोठी काळजी डासांची. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, आपल्यासारख्यांच्या घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. रिकाम्या कुंड्या पालथ्या घाला. बाटलीतल्या मनीप्लँटचं पाणी दर आठवड्याला बदला, आणि नुसतं ओतून भागत नाही, बाटली आतून घासा. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी असताना महिनोन्‌महिने टिकतात, पाणी मिळालं की त्यातून अळ्या निघतात.

शेवटी डोंबिवलीच्या एका वहिनींचा प्रश्न. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांमुळे खालच्यांच्या छताला ओल येते अशी तक्रार आहे, आणि यजमान म्हणतात सगळं काढून टाक. वहिनी, भांडण वाढण्याआधी एक करून बघा. कोरड्या दिवसांत सगळ्या कुंड्या बाजूला करून गॅलरीच्या पाण्याची वाट बघा, जाळीत माती-पानं अडकली असतील तर काढा. फरशीच्या सांधी उघड्या दिसल्या तर त्या पांढऱ्या सिमेंटनं भरून घ्या, पण त्याआधी खालच्या वहिनींना वर बोलावून हे सगळं दाखवा. कुंड्या लोखंडी घोडीवर ठेवा, म्हणजे खालून झाडता-पुसता येईल. भिजलेली बारा इंची कुंडी पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते, म्हणून त्या सगळ्या कठड्याकडे न मांडता भिंतीच्या कडेनं ठेवा, आणि कठड्यावर तर एकही नको, वळवाच्या वाऱ्याला कुंडी ढकलायला वेळ लागत नाही. एवढं करूनही ओल राहिली तर प्लंबरला बोलावून बाथरूमच्या नळ्या तपासून घ्या. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय यजमानांना कुंड्या उचलू देऊ नका.