मागच्या सीटवरची काळजी



परवा आमच्या नात्यातली एक सून माझ्याकडे येऊन रडली. वय ४७. मुलगा बंगळूरला, मुलगी सासरी, मधुमेहामुळे नवऱ्याची नजर अधू झालेली. दारात मोटारसायकल उभी, तिच्या टायरमधली हवा केव्हाच गेलेली. मळ्याकडे जायला माणूस नाही. तिनं घरात म्हटलं, "मी शिकते गाडी." सगळे हसले. हसण्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण थोरले दीर गंभीर होऊन म्हणाले, "काळजी वाटते म्हणून सांगतो. या वयात हाड मोडलं तर?" काळजीला उलट उत्तर कसं द्यायचं? ती गप्प बसली.

मला आज या काळजीबद्दलच लिहायचं आहे. कारण बारा वर्षांपूर्वी तीच माझ्याही दारात येऊन बसली होती.

२०१३ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, मी शंभर सीसीची मोटारसायकल घेतली. "स्कूटर का नाही घेतलीत?" हे मला अजून विचारतात. आमचा मळा गावापासून सहा किलोमीटरवर, त्यातला शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीची पाणंद. स्कूटरचं चाक दहा-बारा इंचांचं, मोटारसायकलचं अठरा इंचांचं. उसाच्या ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीत लहान चाक अडकतं, मोठं निघून जातं. हौस नव्हती, हिशेब होता. बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग!

आता काळजीचा हिशेब मांडू.

लग्नानंतर २८ वर्षं मी आमच्या ह्यांच्या मागे बसले. सहावारी साडी, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर लेकरू, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं सीटची कडी धरलेली. डोक्यावर पदर, हेल्मेट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालायला सांगतं. त्या २८ वर्षांत एकाही माणसानं मला विचारलं नाही की, "वहिनी, पडलात तर?" गाडी चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर असतात, दोन्ही पाय दोन बाजूंना असतात आणि खड्डा येताना त्याला दिसतो. मागच्या बाईला दिसते फक्त नवऱ्याची पाठ. मग जास्त धोका कुणाला? जी काळजी बाई मागे बसलेली असताना झोपलेली असते आणि तिनं हँडल धरताच खडबडून जागी होते, ती काळजी हाडांची नव्हे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, असं तो सांगतो. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी बायका वाचल्या असतील. त्यात बाई हा शब्दही नाही. पण त्या जाळीला बाजारात नाव पडलं साडी गार्ड. म्हणजे साडी मागेच असणार, हे आपण सगळ्यांनी धरूनच चाललो.

वयाचं म्हणाल, तर कायद्यानं किमान वय ठरवलंय, कमाल ठरवलेलं नाही. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो आणि पंचावन्ननंतर लायसन्स दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. योग्यच आहे. कायदा वय बघतो, डोळे बघतो. बाई की बुवा हे बघत नाही. आमच्या गल्लीत मोतीबिंदू पिकलेले एक काका रात्री गाडी चालवतात. त्यांची काळजी कुणी करताना मी पाहिलेलं नाही.

खोटं कशाला सांगू, मी पडले. दोनदा. एकदा क्लच झटकन सोडला म्हणून, आणि एकदा ओल्या पाणंदीत पुढचा ब्रेक करकचून दाबला म्हणून. दुसऱ्या वेळी मनगटाला चीर गेली, सहा आठवडे प्लास्टर. माझा पुतण्या अठराव्या वर्षी तीनदा पडला, तेव्हा सगळे म्हणाले, "पडल्याशिवाय गाडी येत नाही." मला म्हणाले, "म्हणून तर सांगत होतो." पडणं तेच, वाक्य वेगळं.

पन्नाशीनंतर बाईची हाडं ठिसूळ होतात, हे खरंच आहे. मी ते नाकारत नाही. पण त्याचा अर्थ शिकू नका असा नाही, नीट शिका असा आहे. दोन्ही पाय जमिनीला पुरतील अशी हलकी गाडी घ्या. पहिल्या दिवसापासून हेल्मेट घाला. आधी शाळेचं मोकळं मैदान, रस्ता नंतर. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनी बसता येतं. मी तीन महिने घेतले. पहिले पंधरा दिवस नुसता अर्धा क्लच, मग आठचा आकडा. आणि नजर चाकापुढे नाही, लांब ठेवायची. आपले साधू-साध्वी चार हात जमीन निरखून चालतात, ती ईर्यासमिती. गाडीवर चार हात पुरत नाहीत, पण सावधपणा तोच.

"या वयात धर्मध्यान करावं," हेही ऐकलं. वाहन वर्ज्य आहे ते साधू-साध्वींना. आपण गृहस्थ. श्रावकाला मोटारसायकल चालते, मग श्राविकेला कोणत्या शास्त्रानं मनाई केली? चातुर्मासात सकाळी आहारदानाला जायचं, तर रिक्षाची वाट बघत बसण्यात कुठलं पुण्य?

पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो हीच मंडळी मला पाठवतात. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनाला सीमा सुरक्षा दलाच्या ‘सीमा भवानी’ पथकातल्या मुलींनी राजपथावर मोटारसायकलवर कसरती केल्या, तेव्हा आमच्या बैठकीत टाळ्या वाजल्या होत्या. बाईनं गाडी चालवलेली चालते. फक्त ती दुसऱ्याच्या घरातली हवी आणि वर्षातून एकदाच हवी.

आणखी एक सांगते. आरसी बुकावर माझं नाव आलं, त्या दिवशी मी तो कागद तीन वेळा वाचला. घर सासऱ्यांच्या नावावर, मळा ह्यांच्या, गॅससुद्धा ह्यांच्याच. लग्नानंतर माझ्या नावावर झालेली ती पहिली वस्तू. आज घसारा काढला तर तिची किंमत फारशी उरणार नाही. पण मळा आमच्याकडे राहिला, तो तिच्यामुळे.

आणि मुद्दा मळ्याचाच आहे. त्या सुनेचा मळा यंदा खंडानं द्यायचं घाटतंय, "जायला माणूस नाही" म्हणून. कुणाला द्यायचं घाटतंय, ते मी लिहीत नाही. तुम्ही ओळखलंच असेल.

गाडीत हवा भरून झाली आहे. रविवारी सकाळी साडेसहाला ती शाळेच्या मैदानावर येतेय, मीही जातेय. भाऊजी, तुम्हाला खरंच काळजी असेल तर तुम्हीही या. येताना तिच्यासाठी आयएसआय मार्कचं एक हेल्मेट तेवढं घेऊन या.