दवाखाना मोफत, पण वेळ कुणाची?

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरही मोफत आहे. तरी दाभोळच्या खाडीकाठी हातावर पोट असलेल्या मच्छीमार कुटुंबाला उपचार फुकट पडत नाहीत. बोट भरती-ओहोटी पाहून येते, ओपीडी घड्याळावर चालते. रांगेत थांबलं तर दिवसाची कमाई बुडते; दापोलीला पाठवलं तर गाडीभाडं वेगळं. मग रक्तदाबाची गोळी संपते ती संपतेच. दुखत तर काही नसतं, घाई कोण करणार? पुढे पक्षाघाताने कमावता माणूस अंथरुणाला खिळतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, खलाशी घरी असतात. जेट्टीजवळ संध्याकाळचा दवाखाना भरवून रक्तदाब, मधुमेहाची तपासणी तेव्हाच उरकावी. ऑगस्टमध्ये बोटी सुटण्याआधी महिन्याभराच्या गोळ्या एकदम हातात द्याव्यात.