पेठेतले घर आणि सतरा सह्या

निवृत्तीनंतर मालवणात घर घ्यायचे ठरवले, तेव्हा दलालाने मला प्रथम गावाबाहेर नेले. कुंभारमाठच्या माळावर आखलेले भूखंड, चुन्याच्या रेघा, कोपऱ्यावर रोवलेले दगड. ‘‘साहेब, इथून समुद्र दिसतो, गाडी दारात येते, कागद स्वच्छ आहेत,’’ असे तो सांगत होता. मी म्हटले, ‘‘मला बाजारपेठेत घर पाहिजे. जुने.’’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ समजायला मला पुढची दोन वर्षे लागली.

मालवणची जुनी वस्ती ही काही साधीसुधी जागा नव्हे. १८८० सालच्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे, की या उपसागरात पूर्वी तीन बेटे होती. एकावर शिवछत्रपतींनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, दुसऱ्यावर पद्मगड उभा राहिला आणि तिसरे, किनाऱ्यालगतचे बेट कालांतराने जमिनीला जोडले गेले. माडांच्या गर्दीत लपलेले जुने मालवण वसले ते या तिसऱ्या बेटावर. बंदराच्या आधाराने पेठ वाढली. पुढे दुकानाचा गाळा, त्याला फळ्यांचे दार, मागे माजघर, वर माडी, परसात विहीर आणि तुळस, अशी चिऱ्याची, कौलारू घरे एकमेकांना खांदा लावून उभी राहिली. धंदा आणि संसार एकाच छपराखाली. ही पेठ म्हणजे काही संग्रहालय नव्हे. सकाळी मासळीची टोपली घेऊन जाणारी बाई आणि संध्याकाळी ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणारे आजोबा यांच्यामुळे ती पेठ आहे.

मला आवडलेले घर दहा वर्षे बंद होते. कुलपाला गंज चढलेला, माडीच्या गजांतून पिंपळाचे रोप बाहेर आलेले. मालक कोण, असे विचारले तर शेजारी हसले. मिळकत पत्रिकेवर नाव होते ते आजोबांचे, आणि त्यापुढे तीन अक्षरे : ए. कु. पु. म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. पुढारी वारून चाळीस वर्षे झाली होती; कुटुंब गिरगाव, डोंबिवली, पुणे आणि मस्कत इथवर पांगले होते. वारसांची मोजदाद केली तेव्हा आकडा निघाला सतरा.

या सतरांपैकी घरावर कोणाचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. उलट प्रेमच आड येत होते. गिरगावातले एक काका मला म्हणाले, ‘‘वाटो कितको येता ता सोडा. पण वडिलांचां घर मी इकलंय, असां कोणी बोलूक नको.’’ म्हणून ते सही करीत नव्हते. दुसरे एक, पहिल्याने केली तर मी करतो, असे म्हणत होते. तिसऱ्यांना बहिणींचा हिस्सा मान्य नव्हता. २००५ साली वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंका दूर केली, हे त्यांना सांगावे लागले. मस्कतच्या पुतण्याचे कुलमुखत्यारपत्र वकिलातीतून येईपर्यंत एक पावसाळा गेला.

कोणी म्हणेल, सतरांच्या मागे लागायचे कशाला? दोघातिघांचे हिस्से घ्यावेत आणि आत शिरावे. अनेकजण असे करतात आणि पस्तावतात. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ सालचा कायदा आहे. त्याचे कलम ४४ असे सांगते, की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्या घरात कुटुंबाबरोबर ताबा मागण्याचा हक्क त्याला मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावावा आणि वाट पाहावी. कायदा मला त्या वेळी जाचक वाटला. आज तो शहाणपणाचा वाटतो. ज्या घरात बाळंतपणे झाली, गणपतीच्या वर माटवी बांधली गेली, त्या घरात कोणीही पैसे टाकून घुसू नये, एवढेच तो म्हणतो.

मधल्या काळात २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले. एका दिवसात निम्मी कौले उडाली. सतरा मालकांपैकी एकानेही ताडपत्री घातली नाही. कारण खर्च एकाने करायचा आणि घर सगळ्यांचे! त्या पावसाळ्यात आढ्याजवळचे वासे कुजले, माडीची फळी खाली आली, वाळवी देवघरापर्यंत पोहोचली. चिऱ्याची भिंत मात्र उभी होती. तेव्हा माझी खात्री पटली, की आपल्या जुन्या पेठा पहिल्यांदा सिमेंट पाडत नाही, पर्यटकही पाडत नाही. त्या पाडते न झालेली वाटणी. कुलूप हे कारण नव्हे, ते लक्षण आहे. न झालेली वाटणी घराला कुलूप लावते, कुलूप शाकारणी थांबवते आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात शाकारणी थांबली की घराचे दिवस भरले. मग पडक्या जागेचा भाव करायला गिऱ्हाईक तयारच असते.

२०२२ च्या फेब्रुवारीत खरेदीखत झाले. डोंबिवलीची जागा विकून आलेले पैसे इथे गेले. निबंधकांच्या कार्यालयाबाहेर वारसांपैकी सर्वांत वडील असलेल्या आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘एक मागणे आहे. दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी बाजारातून जाते, तेव्हा दार उघडे ठेवा. दिवा लावा. एवढेच.’’ खरेदीखतात ही अट नव्हती. मी पाळलेली मात्र तेवढी एकच अट आहे, जिची मला कधी आठवण करून द्यावी लागली नाही.

कागद झाले म्हणजे घर झाले, हा शहरी समज. शेजारच्या काकींनी पहिल्याच दिवशी ओटीवरून विचारले, ‘‘तुमी घर घेतलात, बरां केलात. पण पावसात ऱ्हवतल्यात मा?’’ या प्रश्नाचे उत्तर मला चार पावसाळे राहून द्यावे लागले. माझ्या छपराच्या पागोळ्या त्यांच्या अंगणात पडतात; त्यांच्या न्हाणीचे पाणी माझ्या परसातून जाते. विहीर दोन घरांत एक. मधली भिंत सामायिक. तिच्यात खिळा मारायचा तर विचारून. यातले काहीही मिळकत पत्रिकेवर लिहिलेले नाही, सगळे वहिवाटीचे. जुने घर घेणाऱ्याने तीस वर्षांचा शोध जरूर घ्यावा, पण एक दुपार शेजाऱ्यांकडे बसून पागोळी, पाणी आणि वाट यांचाही शोध घ्यावा. फुकट मिळतो आणि अधिक उपयोगी पडतो.

दुरुस्तीतही मी चुकलो. ओल येते म्हणून एका भिंतीला सिमेंटचा गिलावा करवला. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि उन्हात ते सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केले, तेव्हा ओल आतल्या बाजूला फुटली. दुसऱ्या वर्षी तो गिलावा खरवडून चुन्याचा केला. पण चुना मळणारा गवंडी आणि वाशांचे सांधे जाणणारा सुतार शोधायला मला तालुका पालथा घालावा लागला. दोघेही साठीपुढचे. त्यांच्या हाताखाली कोणी नाही.

आता यंदाची गोष्ट. आमच्या पलीकडचे बंद घर विकत घ्यायला एक व्यावसायिक आला आहे. घर पाडून तो तीन मजली लॉज बांधणार. मलाही त्याने मी दिले त्याच्या दुप्पट देऊ केले. माझा मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, विचार करा.’’ विचार करण्यासारखे त्यात आहेच. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत चूल पेटती राहिली ती न्याहारी-निवासाच्या दोन खोल्यांवर. त्या पैशाला नाक मुरडण्याचा अधिकार मुंबईची पेन्शन खाणाऱ्या मला नाही. पण राहत्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना देणे वेगळे आणि घर पुसून पाहुण्यांसाठी इमारत बांधणे वेगळे. पहिल्यात यजमान असतो, दुसऱ्यात नुसता काउंटर.

यावर ‘वारसा क्षेत्र जाहीर करा’ हा एक उपाय सुचवला जातो. तो चांगला आहे, अपुरा आहे. पणजीच्या फोंतेन्यात रंगीत घरे जपली गेली, ती पाहायला आपण जातोही. श्रीलंकेतला गाल्ल किल्ला १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. भिंती राहिल्या, पण पुढे परदेशी गिऱ्हाइकांनी घरे घेतली आणि अनेक जुने रहिवासी बाहेर पडले. यादी भिंत वाचवते. माणूस वाचवायचा तर आणखी काही करावे लागते.

ते फार अवघड नाही. वर्षातून एकदा, गणपतीत, सारे चाकरमानी गावात असतात. त्याच आठवड्यात नगरपालिका, भूमापन कार्यालय आणि वकील यांनी एकत्र बसून वारसनोंदी आणि हक्कसोडपत्रांचे शिबिर का घेऊ नये? सतरा माणसे एरवी सतरा वर्षांत एकत्र येत नाहीत. जे घर जुन्या पद्धतीने दुरुस्त होते आणि ज्यात बारा महिने माणूस राहतो, त्याला घरपट्टीत सवलत द्यावी. कौले बदलायची परवानगी पावसाआधी हातात पडावी. आणि त्या साठीपुढच्या सुताराच्या हाताखाली चार पोरे द्यावीत, विद्यावेतन देऊन.

राहिला माझा प्रश्न. मलाही दोन मुले आहेत. एक ठाण्यात, एक बंगळुरात. मी काही न करता गेलो, तर दोन पिढ्यांत या घराच्या पुन्हा सतरा सह्या होतील. म्हणून गेल्या महिन्यात मृत्युपत्र केले. दोघांतला जो इथे राहील त्याचे घर. दुसऱ्याला बँकेतले पैसे. कोणीच राहणार नसेल तर वर्षभरात विकावे आणि राहणारा गिऱ्हाईक असेल तर थोडे कमी घेऊन त्याला द्यावे. मुलगा जरा नाराज झाला. मी त्याला यंदा पाडव्याला बोलावले आहे. पालखी आली की दिवा त्याने धरायचा आहे.

व्यावसायिकाला मी नाही म्हणून सांगितले आहे. पलीकडच्या घराचे वारस मात्र अजून मोजणे चालू आहे. परवापर्यंत ते अकरा झाले होते.