वाडा आपणच दिला, पार्किंगचा हिशेबही आपणच मागावा

गल्लीत गाडी लावण्यावरून भांडण झाले नाही असा आठवडा बेळगावात आता विरळाच. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या बाजारपेठांचे सोडा. पूर्वी मुले जेथे विटी-दांडू खेळत, त्या राहत्या गल्ल्यांतही दोन्ही बाजूंना वाहने उभी असतात. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, सगळीकडे एकच रड. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी गाड्या हलवायला मंडळाच्या पोरांना दारोदार फिरावे लागते. मिरवणूक वर्षातून एकदा आणि सांगून येते. अग्निशामक बंब आणि रुग्णवाहिका सांगून येत नाहीत.

याचे खापर आपण महापालिकेवर, पोलिसांवर आणि बाहेरून आलेल्यांवर फोडतो. ते सारे निर्दोष आहेत असे मी म्हणणार नाही. पण या गल्ल्यांतील जागा कोणाच्या होत्या? आपल्याच ना?

घरचेच उदाहरण देतो. आमचा वाडा चार भावांचा. चार चुली, दोन-तीन सायकली आणि काकांची एक स्कूटर. डागडुजीला पैसा नव्हता, वाटण्या जमत नव्हत्या, म्हणून वाडा बिल्डरला दिला. आज तेथे १६ फ्लॅट आहेत. मंजूर नकाशात तळाला पार्किंग होते. प्रत्यक्षात तेथे दोन दुकाने आणि एक गोदाम झाले, आणि १६ घरांची वाहने गल्लीत आली. मी बी.कॉम. झालेला, दिवसभर बँकेत लोकांच्या कर्जाची कागदपत्रे तपासणारा माणूस. पण स्वतःच्या करारावर सही करताना आपल्या वाट्याचे चौरस फूट दोनदा मोजले, पार्किंगचा नकाशा मात्र उघडूनही पाहिला नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, सरसकट अपार्टमेंटला विरोध करण्यात अर्थ नाही. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांवर गेली होती. माणसांना घरे हवीतच. आपण एकच गोष्ट धरून बसावे: कागदावरचे पार्किंग जमिनीवर आहे की नाही?

त्यासाठी हाती एक चांगले हत्यार आले आहे. मेरठच्या शास्त्रीनगरात निवासी भूखंडावर बेकायदा दुकाने बांधली गेली होती. त्या खटल्यात १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय ताबा देऊ नये आणि वीज, पाणी, गटाराची जोडणीही देऊ नये. इमारत तारण ठेवून कर्ज देण्याआधी बँकांनी हा दाखला तपासावा. बँकेच्या काउंटरमागे बसणारा म्हणून सांगतो, यातील शेवटची अट सर्वांत जड आहे. कर्ज अडले की फ्लॅट खपत नाही, आणि फ्लॅट खपला नाही की बिल्डरला नकाशा आठवतो.

‘पुढे दंड भरून सक्रम करून घेऊ’ या भरवशावर कोणी राहू नये. कर्नाटक सरकारच्या अक्रम-सक्रम योजनेला जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्थगिती दिली होती.

आता आपण काय करावे? वाडा देणाऱ्याने करारातच लिहून घ्यावे की, पार्किंगची जागा दुसऱ्या कामाला वापरली जाणार नाही. गल्लीच्या पंचांनी नव्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागावी. अर्जाला १० रुपये लागतात. तिसरी गोष्ट आपल्या संघटनेने करावी. नगर नियोजन कायद्याप्रमाणे मास्टर प्लॅन प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत नागरिकांना हरकती घेता येतात. नोटीस कन्नडमध्ये येते, आपल्या जुन्या माणसांना ती वाचता येत नाही आणि मुदत निघून जाते. मराठीतून नोटीस मिळण्याची मागणी आपण करतोच, ती चालू ठेवू. पण तोवर अशा प्रत्येक नोटिशीचे मराठी भाषांतर गल्लीच्या फलकावर लागले पाहिजे. निपाणीत उद्या तंबाखूच्या वखारींच्या जागी मजले चढू लागले, तर तेथील बांधवांनी आमची चूक पुन्हा करू नये.

शेवटी एक कबुली. आमच्या इमारतीतल्या त्या दोन दुकानांपैकी एकाचे भाडे आमच्याच घरात येते. गेल्या महिन्यात मी आमच्याच इमारतीच्या नकाशासाठी अर्ज दिला, तेव्हा भाऊ दोन दिवस बोलला नाही. त्याचेही चूक नाही. महिन्याची ठरलेली रक्कम सोडणे सोपे नसते. पण आपले दुकान चालू ठेवून शेजारच्या बेसमेंटवर बोट दाखवता येत नाही. आपला तळमजला आधी मोकळा करू, मग नगरसेवकाला जाब विचारताना आपला आवाज खाली जाणार नाही.