टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊ नका

बनारस छावणीत आल्यापासून एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो: "सर, स्मार्ट टीव्ही कोणता घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टीव्ही हवा तो घ्या, पण त्याला इंटरनेट देऊ नका. घरचा कॉम्प्युटर वायरीने जोडा आणि जे बघायचं ते त्यावरून बघा.

ही कल्पना काही आजची नाही. 1986 च्या सुमारास आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीचा 'स्पेक्ट्रम प्लस' मिळू लागला. त्याला स्वतःचा पडदाच नव्हता. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा, आणि वायर जायची अँटेनाच्या सॉकेटात. आता एचडीएमआयच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

जोडणी पाच मिनिटांची. केबल लावा, रिमोटवर सोर्स दाबून तोच एचडीएमआय क्रमांक निवडा. विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबून 'डुप्लिकेट' करा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर खालच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडा. लॅपटॉप जुना आणि फक्त व्हीजीए सॉकेटचा असेल, तर त्या वायरीतून आवाज जात नाही. त्यासाठी वेगळी वायर लागते. टाइप-सी सॉकेट असेल तर त्यातून चित्र बाहेर जातं का, हे केबल विकत घेण्याआधी तपासा. सगळ्याच सॉकेटांतून जात नाही.

मग टीव्हीचं इंटरनेट का नको? 2017 मध्ये अमेरिकेत व्हिजिओ या टीव्ही कंपनीला 22 लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड करावी लागली. सुमारे 1 कोटी 10 लाख टीव्हींवर लोक काय बघतात याची नोंद त्यांच्या संमतीशिवाय गोळा झाल्याचा आरोप होता. यातली मेख अशी की केबलने जोडलेल्या यंत्रावरून आलेलं चित्रही असा टीव्ही ओळखू शकतो. म्हणून नुसती केबल लावून भागत नाही, टीव्हीचं वायफायही बंद हवं.

फौजी घराला हे जास्त लागू आहे. जुलै 2020 मध्ये लष्कराने आपल्या लोकांना 89 अ‍ॅप्स फोनमधून काढायला सांगितली. आपण फोन साफ केले. पण दिवाणखान्यात माइक असलेला आणि कायम नेटवर असलेला टीव्ही टांगला, तर अर्धी राखण वाया गेली. माणूस घरी येऊन बदलीचं, सुट्टीचं, युनिटचं बोलतोच.

लॅपटॉपही नेटवर असतोच, हे कबूल. पण त्यात कोणतं सॉफ्टवेअर ठेवायचं ते आपण ठरवतो, कॅमेऱ्यावर पट्टी लावता येते आणि काम झालं की झाकण मिटता येतं. सरकारी कामाचा कॉम्प्युटर मात्र या भानगडीत आणायचाच नाही.

स्मार्ट टीव्ही घरच्या वडीलधाऱ्यांना सोपा पडतो, हे खरं. पण रिमोटवर सोर्सचं बटण कुठलं, हे एकदा दाखवलं की तेही शिकतात. शिवाय आमच्यासारख्यांचं बिऱ्हाड दर दोन-तीन वर्षांनी हलतं. ट्रकमध्ये टीव्ही फुटला तर दुसरा साधा घेता येतो. मुलांचे फोटो, अभ्यास, गावाकडच्या लग्नाचा व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये शाबूत राहतात. पुढच्या पोस्टिंगच्या ट्रंकेत एक केबल जास्तीची टाका.