प्रयोगशाळा आकाशात, विद्यार्थी पडेगावात

संगणकशास्त्राची प्रात्यक्षिके आता 'क्लाऊड'वर घ्यावीत, असे महाविद्यालयांतून बोलले जाऊ लागले आहे. आमचा या तंत्रज्ञानाला विरोध नाही. उलट ते आमच्या मुलांसाठी लवकर यावे, असेच आमचे मत आहे. आमचा सवाल एवढाच की, त्याचे खाते कोणाच्या नावावर असणार आणि बिल कोणाच्या माथी बसणार?

आधी हा प्रकार काय ते समजून घेऊ. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा चालतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्राध्यापकाने एक नमुना मशीन तयार केले की त्याच्या साठ प्रती काही मिनिटांत निघतात. विद्यार्थ्याच्या हातून काही बिघडले तर ती प्रत पुसून नवी देता येते. ज्या संगणकावरून तो काम करतो, तो जुना-पुराणा असला तरी चालतो, कारण सगळे ओझे पलीकडचा सर्व्हर उचलतो. लिनक्सचे काम नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर केले तर इंटरनेटही फार लागत नाही.

आता पडेगावात या. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की इथल्या वस्त्यांतून नागसेनवनात आणि विद्यापीठात शिकायला जाणारी मुले-मुली भेटतात. घरात एक मोबाईल, क्वचित कोणाकडे सेकंडहँड लॅपटॉप, तोही ४ जीबी मेमरीचा. त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवायला गेले की मूळ लॅपटॉपच गोठतो. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते. दिवसा कॉलेज आणि नंतर काम करणाऱ्या मुलाने सराव करायचा कधी? म्हणूनच ही सोय खरी गरज कोणाची असेल तर ती याच मुलांची आहे.

पण सोय दिली जाते कशी? 'अमुक कंपनीच्या संकेतस्थळावर जा आणि आपापले मोफत खाते उघडा,' असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. मोफत म्हणतात आणि पहिल्याच पानावर क्रेडिट कार्ड मागतात! बिगारी करणाऱ्या बापाकडे क्रेडिट कार्ड कुठून येणार? मायक्रोसॉफ्टची अझ्युर सेवा विद्यार्थ्यांना कार्डाशिवाय १०० डॉलरची सवलत देते, हे खरे. परंतु विद्यार्थी असल्याची खात्री ती शिक्षणसंस्थेच्या ईमेलवरून करते. ज्या कॉलेजने मुलांना ईमेलच दिला नाही, तिथल्या मुलांचे काय?

कोणी काकाचे, मालकाचे कार्ड मागून आणलेच तर पुढे बिलाचा धोका आहे. करार वाचणे हा आमचा पेशा आहे. मशीन बंद करायचे विसरले तरी भाडे भरायची जबाबदारी खातेदाराचीच राहते. आठवड्याला ४ तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे महिन्याला १६ तास. मशीन चालूच राहिले तर ७२० तास, म्हणजे ४५ पट! शिवाय मशीन बंद केले तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीत महाविद्यालयाच्या मान्य शुल्काची प्रतिपूर्ती होते, परस्पर आलेल्या अशा बिलाची नव्हे.

तेव्हा खाते विद्यापीठाचेच असले पाहिजे. यात अशक्य असे काही नाही. आयआयटी दिल्लीने 'बादल' नावाचा स्वतःचा क्लाऊड उभारून दाखवला. केंद्र सरकारचा 'मेघराज' २०१४ पासून आहे. सॉफ्टवेअरचे म्हणाल तर ओपनस्टॅक, प्रॉक्समॉक्स यांना परवाना शुल्क पडत नाही. साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी २ जीबी मेमरी धरली तर १२० जीबी होतात. म्हणजे १९२ जीबीचा एक सर्व्हर एका वर्गाला पुरून उरतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव अशा चार जिल्ह्यांतील महाविद्यालये आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रत्येकाने वेगळा खर्च करण्यापेक्षा विद्यापीठाने एकदाच करावा. सर्व्हर सांभाळायला पूर्णवेळ माणूस मात्र नेमा. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या गळ्यात हेही काम अडकवू नका.

आणखी एक भीती आम्हाला वाटते. क्लाऊड आला म्हणून कॉलेजातली लॅब मोडीत काढली जाईल. तसे झाले तर ज्याच्या घरी पडदा-कीबोर्ड नाही तो उघडाच पडेल. मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर प्रोग्राम लिहून पाहा म्हणजे कळेल!

कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद, हा अनुभव आम्हाला नवा नाही. बोले ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरीही ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. 'संकेतस्थळ सर्वांना खुले आहे' असे सांगणाऱ्यांनी ही तारीखवार यादी जवळ ठेवावी.

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका वसतिगृहातील विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या अधिकाराचा भाग मानला आहे. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नसला तरी आमच्या न्यायालयांपुढे आधार म्हणून नक्कीच ठेवता येतो. संविधानाचे कलम ४६ तर अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घ्यायला शासनाला सांगतेच.

आमच्या मागण्या साध्या आहेत. क्लाऊडवरचे प्रात्यक्षिक सक्तीचे करायचे असेल तर खाते व बिल संस्थेचे असावे, हे विद्यापीठाने परिपत्रक काढून सांगावे. प्रवेश घेतानाच प्रत्येक विद्यार्थ्याला ईमेल मिळावा. ठरलेल्या वेळेनंतर मशीन आपोआप बंद होण्याची व्यवस्था असावी. आणि पडेगावसारख्या वस्त्यांतील समाजमंदिरे, बुद्धविहारे व अभ्यासिकांत समाजकल्याण विभागाने इंटरनेटसह दहा-दहा साधे संगणक रात्री दहापर्यंत उपलब्ध करून द्यावेत. जागा आम्ही देतो, कुलूप-किल्लीची जबाबदारीही घेतो. विभागाने फक्त संगणक, इंटरनेट आणि विजेचे बिल यांची तरतूद करावी.