पंचांचा कान

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारत-इराण कबड्डीचा अंतिम सामना २८-२८ अशा बरोबरीवर सुमारे तासभर अडला. चढाई करणारा कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला, पाठोपाठ बचाव करणारेही गेले. मग गुण कोणाला व किती? जुना नियम एक सांगे, नवा दुसरेच. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला.

तेथे निदान कॅमेरे होते. आमच्या तेलगावसारख्या गावी शालेय सामन्यात दम तुटला की नाही, हे पंचांच्या कानावरच ठरते. कान चुकला तर ते क्षम्य आहे. पण यजमानांना एक अर्थ आणि पाहुण्यांना दुसरा, हे क्षम्य नव्हे. म्हणून नाणेफेकीपूर्वीच पंचांनी दोन्ही कर्णधारांना आपला अर्थ सांगावा. मग हरलेला मुलगाही पंचांशी हात मिळवूनच घरी जाईल.